वामनरावांच्या लग्नाची रजा

"हा कागद मी घेऊ शकत नाही, काका," अपेक्षा म्हणाली आणि तिनं अर्ज टेबलावरून परत सरकवला.

वामनरावांनी तो पुन्हा तिच्याकडं सरकवला. "घ्या नं मॅडम. रजेचा अर्ज हाय, नोटीस नाही काई."

"घेतला तर मलाच नोटीस येईल. या महिन्यापासून सगळं 'सोबती'वर. हजेरी सोबतीवर, रजा सोबतीवर, तक्रार सोबतीवर."

"अन सोबतीचीच तक्रार असली तं?"

"तीही सोबतीवरच," अपेक्षा म्हणाली. आणि गंमत म्हणजे, ती हे गमतीनं म्हणाली नव्हती.

सोबती हे मोबाइलमधलं ॲप. 'वऱ्हाडरस' ही संत्री निवडून, पेट्यांत भरून बाहेर पाठवणारी कंपनी. मुख्य ऑफिस अकोल्याला आणि संत्र्याचं शेड अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना लागतं. मालक कुंदनसेठ कुठल्याशा परिषदेला गेले, तिथं त्यांना कोणीतरी सांगितलं की ॲप आणलं की नोकरमाणूस खूश राहतो आणि खूश माणूस दुप्पट काम करतो. यातला दुसरा भाग सेठजींनी नीट ऐकला. थोड्याच दिवसांत ॲप आलं आणि ते राबवायला एचआरचं शिक्षण घेतलेली अपेक्षा आली. पोरगी कामाला पक्की होती, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! शेडवरच्या एकेका माणसाला तिनं समोर बसवून ॲप शिकवलं. अमरावतीचं शेड शंभर टक्के सोबतीवर आणून दाखवते, असा शब्दच तिनं अकोल्याला दिला होता.

आणि त्या ॲपचे नखरे तरी किती! हजेरीसाठी तोंडाचा फोटो काढायचा आणि त्यात हसायचं. हसलं नाही तर हजेरी नाही. वामनरावांच्या मिशा एवढ्या भरघोस, की ते हसले काय आणि रडले काय, ॲपला पत्ता लागत नसे. मग ते रोज सकाळी फाटकापाशी उभं राहून दोन बोटांनी मिशा वर उचलायचे आणि मोबाइलला दात दाखवायचे. वजनकाट्यावरचा डोमाजी खास हे बघायला कामावर लवकर यायचा. तसं डोमाजीचं स्वतःचंही फार बरं चाललं नव्हतं. 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' या प्रश्नाखाली हसरे-रडके चेहरे असत. चष्मा विसरलेल्या डोमाजीनं एकदा रडका चेहरा दाबला, तर पुण्याहून एका बाईंचा फोन आला आणि "मनातलं बोला, मनातलं बोला" म्हणून त्यांनी त्याचा पिच्छाच पुरवला. शेवटी डोमाजीनं सुनेबद्दल खरंखोटं बरंच सांगितलं. नंतर त्याला खरंच बरं वाटलं, ही गोष्ट वेगळी.

पण वामनरावांना रजा हवीच होती. शुक्रवारी शेंदूरजनाघाटला त्यांच्या भाचीचं, करिश्माचं लग्न होतं. करिश्माचा बाप ती लहान असतानाच गेला. वामनरावांच्या बहिणीनं, रुख्मिणीनं, फुलांचे हार विकून पोरीला शिकवलं. त्या मायलेकींच्या मागं उभा राहणारा हा एकच माणूस. आता नवरीला मांडवात आणायचं मामानं, अंतरपाटापाशी तिच्या मागं उभं राहायचं मामानं. मामा दिसला नाही तर भटजी मंगलाष्टकं सुरूच करत नाहीत. रुख्मिणीनं फोनवर साफ सांगून टाकलं होतं, "दादा, काई नको आनू. पन तू आला नाही तं माही पोरगी बोहल्यावर पाय नाही ठेवनार. राहीन उभी तशीच." आणि रुख्मिणी बोलली की करणारी बाई होती.

बरं, बिनारजेचं उठून जावं तर सोबतीचा नियम आडवा. हंगामात न सांगता गैरहजर राहिलेल्या सुपरवायझरचं पद आपोआप जातं. शेडवर तर मृग बहाराच्या संत्र्यांचे ट्रक लागले होते आणि ग्रेडिंगच्या, म्हणजे लहानमोठं फळ निवडणाऱ्या, सगळ्या बाया वामनरावांच्या हाताखाली होत्या. ती सुपरवायझरी मिळवायला त्यांनी अर्धी उमर घातली होती.

"जाईन तं रजा घेऊनच जाईन," ते अपेक्षाला म्हणाले, "अन तुमच्या त्या सोबतीवरच घेईन. पाहाच तुमी."

दुपारी डोमाजीच्या काट्याजवळ पेटीवर बसून त्यांनी मोबाइल काढला. 'रजेचे कारण निवडा' असं आलं. स्वतःचे आजारपण. अपघात. बाळंतपण. परीक्षा. जवळच्या नातेवाइकाचे निधन. स्वतःचा विवाह. संपलं.

"भाचीचं लगन कुठं हाय यात?" वामनरावांनी विचारलं.

"खाली पाह्य नं."

"खाली 'पुढे जा' लिवलं हाय. कुठं जाऊ पुढं?"

"मंग आजारी पड," डोमाजी म्हणाला.

"डाक्टरचा कागद मांगते हे."

"मंग एखाद्याले मार."

"कोनाले मारू? लगनघर हाय बापा ते!"

"बाळंतपन..."

"डोमाजी!"

डोमाजीनं डोकं खाजवलं. "मंग राहिलं काय? स्वतःचा विवाह. दाबून दे."

"माहं लगन झालं नं बे."

"मी काय इचारतो ते सांग. करिश्मा भाची कोनाची?"

"माही."

"कन्यादानाले कोन बसून राहिलं?"

"मी अन शकुन."

"पत्रिका कोनाच्या नावानं काढली? मांडव कोनं घातला?"

"म्याच."

"मंग हे लगन काय परक्याचं झालं? तुह्याच घरचं कार्य हाय नं हे?"

वऱ्हाडात हा युक्तिवाद कोणालाही पटला असता. 'आमच्याकडं लग्न आहे' असं सांगणाऱ्याला नवरदेव कोण हे इथं कोणी विचारत नाही. भावाच्या पोरीचं असो की मावसबहिणीच्या नणंदेचं, लग्न आपलंच असतं. वामनरावांनाही पटलं आणि त्यांनी अंगठा टेकवला. ॲपनं पत्रिकेचा फोटो मागितला, तो त्यांनी दिला. पत्रिका त्यानं वाचली नाही, फोटो आहे एवढं पाहिलं असावं. कारण लगेच हिरवी खूण उमटली. 'रजा मंजूर. गुरुवारपासून एक आठवडा.'

"आठवडाभर?" वामनरावांचा विश्वासच बसेना. "म्या तं दोनच दिस मांगनार व्हतो!"

"पाह्य," डोमाजी म्हणाला, "उगाच नावं ठेवतो बिचाऱ्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव फाटकातून आत आले, तर ग्रेडिंगच्या बाया तोंडाला पदर लावून रांगेत उभ्या. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी पार्बताबाई पुढं झाली आणि तिनं त्यांच्या कपाळाला चांगली बोटभर हळद फासली.

"हे काय वं पार्बताबाई?"

"नवरदेवाले हळद लावाव लागते, भाऊ."

"कोन नवरदेव?"

पार्बताबाईनं कमरेचा मोबाइल काढून समोर धरला. अकोला आणि अमरावतीतल्या प्रत्येक नोकरमाणसाच्या मोबाइलवर सोबतीनं भल्या पहाटे बातमी टाकली होती. 'आनंदवार्ता! आपल्या परिवारातील श्री. वामनराव येत्या शुक्रवारी विवाहबद्ध होत आहेत. शुभेच्छा द्या!' खाली फोटोही होता, आणि तोही हजेरीचा. मिशा वर उचललेल्या, सगळे दात बाहेर. लग्नाची एवढी घाई झालेला माणूस त्या शेडनं आजवर पाहिला नव्हता.

"अवो, माहं नाही, भाचीचं हाय!" वामनराव सांगत सुटले. पण ऐकतो कोण! एकीनं उखाणा घ्यायला सांगितला, दुसरीनं वरातीला गाडी कोणती म्हणून विचारलं. संत्री राहिली पट्ट्यावर आणि बाया लागल्या गाणी म्हणायला. एवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. शकुनचा फोन होता.

"काहो," शकुनचा आवाज अगदी शांत होता, आणि तो शांत असला की वामनराव आधी आपली चूक शोधायला लागायचे. "लगन कवा हाय?"

"शुक्रवारी. तुले मालूम नाही का?"

"कोनाचं?"

"करिश्माचं. आज काहून अशी इचारून राहिली?"

"अन तुमचं?"

वामनरावांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"थांबा, वाचून दाखवते," शकुन म्हणाली. "'प्रिय शकुनताई, आपले पती वामनराव यांच्या विवाहानिमित्त आपले व आपल्या कुटुंबाचे हार्दिक अभिनंदन.' मले अभिनंदन! शेजारची केशरबाई बसली हाय इथं. तिनं बी माहं अभिनंदन करून घेतलं."

अडीअडचणीला म्हणून ॲपमध्ये घरच्यांचा नंबर द्यावा लागतो. वामनरावांनी मोठ्या विश्वासानं शकुनचा दिला होता. "शकुन, आईची आन, दुसरी कोनी नाही वं!"

"ते मले मालूम हाय. तुमाले दुसरी कोन देते? राग त्याचा नाही आला. त्या हापिसाले वाटलंच कसं, का मी अभिनंदन घेईन न गप बसीन?" आणि फोन बंद झाला.

वामनराव कपाळाच्या हळदीसकट थेट अपेक्षाच्या केबिनमध्ये शिरले. तिचा चेहरा आधीच पांढरा पडला होता.

"काका, तुमचं लग्न झालेलं आहे ना?"

"तुमच्या जल्माच्या आंधी."

"मग हे काय करून बसलात!"

"तुमच्या यादीत भाची नव्हती."

"आपण रद्द करू. आत्ताच्या आत्ता." अपेक्षानं त्यांचा मोबाइल घेतला आणि 'रजा रद्द' दाबलं. ॲपनं एक कोमेजलेलं फूल दाखवलं. 'आपला विवाह मोडल्याबद्दल आम्हाला खेद आहे. रजा रद्द केल्यास पुढील महिनाभर नवी रजा मिळणार नाही. या काळात आमच्या समुपदेशक आपल्याशी बोलतील. रद्द करायची?'

"म्हंजे?" वामनरावांनी विचारलं.

"म्हणजे रद्द केली तर शुक्रवारी जाता येणार नाही."

"मंग नाही करत रद्द."

"अहो पण ते खोटं आहे!"

"मंग खरी द्या."

"खरी यादीत नाही!"

"मंग माहं लगनच बरं," वामनराव म्हणाले आणि खुर्चीवर घट्ट बसले.

अपेक्षानं अकोल्याला फोन लावला. तिला साधी एक विनंती करायची होती, पण फोन नेमका कुंदनसेठांनीच उचलला. "अपेक्षा, वामनराव आहेत का तिथं? आवाज मोठा कर. अरे वामनराव, मुबारक हो! इतकी वर्षं एकटे राहिलात, आम्हाला पत्ता नाही! शरम वाटली हो मला."

"सेठजी, तसं नाही, मी..."

"लाजू नका! उमर का क्या है! मी स्वतः येतो शुक्रवारी, व्हिडिओवाल्याला घेऊन. सोबतीमुळे नोकरमाणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो, हे सगळ्या दुनियेला दिसलं पाहिजे. अपेक्षा, शाब्बास!" सेठजींनी फोन ठेवून दिला. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

अपेक्षानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "काका, आता यांना खरं सांगितलं तर माझं काय होईल?"

"तुमचं मंग पाहू. आंधी शुक्रवार."

तेवढ्यात मोबाइल टिणटिणला. दोघांनी एकदम वाकून पाहिलं. 'आमच्या नोंदीनुसार आपल्याला एक पत्नी आधीच आहे. कृपया जुनी नोंद आज सायंकाळपर्यंत काढून टाका, अन्यथा रजा आपोआप रद्द होईल.' खाली शकुनचं नाव होतं आणि नावासमोर लाल बटण होतं. 'काढून टाका.'

खिडकीतून डोकावणाऱ्या डोमाजीनं तेही वाचलं. "दाब नं मंग. मोबाइलातूनच तं काढाचं हाय, घरातून थोडीच काढतं!"

"खरंच काका," अपेक्षा घाईघाईनं म्हणाली, "नुसतं ॲप आहे. लग्न पार पडलं की मी स्वतः काकूंचं नाव परत टाकते. कोणाला कळणारसुद्धा नाही."

वामनरावांनी अंगठा उचलला. रुख्मिणी डोळ्यांपुढं आली, मुंडावळ्या बांधून खोळंबलेली करिश्मा आली. अंगठा बटणाच्या वर जाऊन थांबला, आणि तिथून तो काही खाली येईना.

"नाही दाबत," ते म्हणाले.

"काका!"

"मॅडम, तुमी म्हनाल ते म्या आजवर केलं. रोज सकाळी फाटकात उभा राहून मिशा उचलतो नं मी? कुरकुर केली का? पन शकुनले काढून टाक म्हनता, ते माह्या हातानं होनार नाही. खोटं बी नाही अन खरं बी नाही. रजा गेली तं जाऊ द्या. सुपरवायझरी गेली तं जाऊ द्या. शुक्रवारी मी बिनारजेचा जातो." डोमाजीनंही खिडकीतून डोकं आत घेतलं होतं, ते मुकाट्यानं बाहेर काढलं.

"कुठं हाय ते बटन?" दारातून आवाज आला.

दारात शकुन उभी होती. ऑटोवाल्याला वाटभर दामटत ती तडक शेडवर आली होती, आणि आल्यापासून तिनं सगळं ऐकलं होतं.

"काकू, बसा ना, मी समजावून सांगते," अपेक्षा उठत म्हणाली.

"तूच बस पोरी. तुह्या सोबतीनं माहं अभिनंदन केलं, आता मले बी काई बोलाव लागीन त्याच्यासंग." शकुननं नवऱ्याच्या हातातून मोबाइल घेतला. "हे दाबलं का मी निंगते?"

"हो, पण काकू..."

शकुननं दाबलं. "शकुन!" वामनराव ओरडले.

"गप बसा. आता हे कारन मांगून राहिलं. घटस्फोट, निधन, इतर."

"निधनावर बोट नको ठेवजो वं!"

"इतर," शकुननं ठासून दाबलं. 'वधूचे नाव लिहा' असं आलं, तेव्हा तिनं मोबाइल अपेक्षापुढं धरला. "लिव पोरी. शकुन."

"कोण शकुन?"

"मीच. दुसरी कुठून आनू?"

"पण काकू, तुमचं लग्न तर यांच्याशी झालेलंच आहे!"

"झालं. पन रजा भेटली व्हती का?" शकुननं नवऱ्याकडं पाहिलं आणि मग अपेक्षाकडं. "आमच्या लगनाच्या दिवशी बी असाच बहार व्हता. शेडवर गाड्या उभ्या. तवाचे मोठे सेठ म्हने, अर्धा दिवस घे अन ये. पंगत उठली नाही तं हा मानूस मुंडावळ्या सोडून सायकलवर टांग मारून पेट्या भराले गेला. मी नवी नवरी. सारं गाव नवरदेव कुठं हाय म्हून इचारे, अन मी खाली मान घालून बसली. म्हटलं जाऊ दे, येईन राती. आला तं पेटीवर डोकं ठेवून झोपल्यासारखा उंबऱ्यातच झोपला. ते रजा या कंपनीकडं राहून गेली हाय माही. आज घेऊन राहिली. मानूस तोच अन बायको बी तेच. त्याच बायकोसंग लगन कराचं नाही, असा नेम हाय का तुह्या सोबतीचा?"

अपेक्षानं नियम वरून खाली वाचले, मग खालून वर वाचले. असा नियम नव्हता. तो कोणाला सुचलाच नव्हता. ती खुर्चीवर बसली आणि तिनं नाव टाकलं. हिरवी खूण आली. 'जुनी नोंद काढली. नवी नोंद झाली. सुखी संसारासाठी शुभेच्छा!'

वामनराव बायकोकडं बघतच राहिले. "एवढी सालं मनात धरून व्हती? बोलली नाही कंदी?"

"तुमी इचारलं कंदी?" शकुन म्हणाली आणि पदरानं त्यांच्या कपाळाची हळद पुसायला लागली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, अर्धी पुसली आणि अर्धी राहू दिली.

शुक्रवारी शेंदूरजनाघाटला मांडव भरला होता. कुंदनसेठांची गाडी नेमकी मुहूर्ताच्या घटकेला येऊन थांबली. पुढं हाराची टोपली घेऊन सेठजी, मागं कॅमेरा खांद्यावर घेतलेला व्हिडिओवाला आणि त्याच्या मागं तोंड लपवत अपेक्षा. येताना सगळ्या वाटेत तिनं खरं सांगायचा प्रयत्न केला होता, पण सेठजी वाटभर फोनवर सोबतीचंच कौतुक करत होते. भटजींनी हाक दिली, "नवरीच्या मामानं नवरीले घेऊन यावं!" ही हाक ढोलताशात बुडाली, आणि सेठजींना दिसलं ते एवढंच, की भरजरी फेटा बांधलेले वामनराव एका कोवळ्या पोरीचा हात धरून बोहल्याकडं निघाले आहेत.

टोपली सेठजींच्या हातातून सुटली. "अपेक्षा! अगं ही तर कॉलेजची पोरगी आहे! बंद करा! थांबवा ते लग्न!"

ढोल थांबला. वरपक्षाकडचे चार दांडगे लोक उठून उभे राहिले. रुख्मिणी अक्षतांचं ताट घेऊनच पुढं सरसावली. "कोन हाय रे हा, माह्या पोरीचं लगन थांबोनारा?"

आता सेठजींचं काही खरं नव्हतं. पण त्याआधी शकुन मधे येऊन उभी राहिली. अंगावर नवा शालू, केसांत रुख्मिणीनंच माळलेला गजरा. "सेठजी," ती म्हणाली, "नवरी मी हाय."

"तुम्ही?"

"यांची मी. तिकडची वेगळी हाय. तिच्यामांगं हे मामा म्हून उभे हायत. तुमी बसा खुर्चीवर, अन जेवल्याबिगर जाऊ नका."

सेठजींना काही उमगेना. अपेक्षानं मग जे काय झालं होतं ते एका दमात सांगून टाकलं आणि डोळे मिटून घेतले. सेठजींनी तिच्याकडं पाहिलं, शकुनकडं पाहिलं, अजून उभ्याच असलेल्या त्या दांडग्या मंडळींकडंही पाहिलं. व्हिडिओवाल्यानं हळूच विचारलं, "सेठजी, काय करू?" सेठजी शेवटी व्यापारी माणूस. "चालू ठेव," ते म्हणाले आणि त्यांनी रुख्मिणीच्या ताटातल्या मूठभर अक्षता घेतल्या.

या सगळ्या गडबडीत वामनरावांनी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. करिश्माला त्यांनी बोहल्यावर नेलं आणि तिच्या मागं ते खांबासारखे उभे राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली तशी त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि सगळ्या मिशांत जिरल्या. "मामा, रडू नको न," करिश्मा पुढून पुटपुटली. "रडून कोन राहिलं," मामा म्हणाले.

सेठजींनी ती फीत सगळ्यांना दाखवली. यादीत लगेच एक नवं कारण आलं, 'भाचीचा विवाह (मामा म्हणून)'. अपेक्षाची अकोल्याला वाहवा झाली आणि अमरावतीचं शेड खरोखर शंभर टक्के सोबतीवर आलं. वामनरावांनी आणि शकुननं उरलेले दिवस चिखलदऱ्याला काढले. तिथं त्यांनी काय केलं हे दोघांनीही कोणाला सांगितलं नाही, आणि डोमाजीनं विचारायचं सोडलं नाही.

उन्हाळ्यात अपेक्षाचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचाच, लग्नही अकोल्याला. तिनं मोठ्या आनंदानं मोबाइल काढला, 'स्वतःचा विवाह' दाबलं आणि ॲपनं तिला तेच कोमेजलेलं फूल दाखवलं. 'या शेडसाठी स्वतःच्या विवाहाची या वर्षीची रजा संपली आहे. लाभार्थी: श्री. वामनराव.' अकोल्याला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, तिथं सगळे बालबच्चेवाले, वर्षाला एक लग्न धरलं तरी खूप झालं, असं तुम्हीच लिहून दिलं होतं. आता पुढच्या वर्षी बघा."

अपेक्षा ग्रेडिंगच्या पट्ट्यापाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून वामनरावांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"काका, माझंच लग्न आहे आणि मलाच रजा नाही."

"साधा कागद देऊन पाहा नं."

"कागद चालत नाही," अपेक्षा म्हणाली आणि तिचं तिलाच रडू फुटलं.

"मंग यादीत काय काय हाय?"

"आजारपण, अपघात, बाळंतपण, निधन..." ती नाक पुसत थांबली. "भाचीचा विवाह."

"मंग दाब नं पोरी. वाट कायची पाहून राहिली?"

तिनं दाबलं. हिरवी खूण आली. तरी ती जागची हलेना. "अजून एक होतं, काका. माझ्या आईला भाऊ नाही. भटजींनी मामाला बोलावलं तर..."

वामनरावांनी धोतराला हात पुसले, मोबाइल काढला आणि त्याच कारणावर अंगठा टेकवला. "शकुन बी येईन," ते म्हणाले. "तिले सांगाव लागन, का या डावाले नवरी दुसरी हाय."

अकोल्याच्या त्या मांडवात भटजींनी नवरीच्या मामाला हाक दिली आणि त्याच वेळी अपेक्षाच्या मेंदीच्या हातातला मोबाइल टिणटिणला. 'आपल्या भाचीला शुभाशीर्वाद!' सोबतीच्या हिशेबी वऱ्हाडरसकडून त्या लग्नाला नवरीचे दोन मामा हजर होते, नवरीची मात्र कुठंच नोंद नव्हती. अपेक्षानं मोबाइल बंद करून शकुनच्या हातात दिला. वामनरावांनी फेटा सारखा केला, तिचा हात धरला आणि तिला बोहल्यावर नेलं.